घड्याळ 12:00 वर का येतं?

डिचोली, सोमवार

चि. मधुरा हिस,
अनेक आशीर्वाद.

रात्री दहाला तुझा "पोचले" एवढाच मेसेज आला, तेव्हा अण्णांनी ओसरीवरचा दिवा मालवला. मीही पुढे काही विचारलं नाही. निघताना जे बोलणं झालं त्याबद्दल मला लिहायचं नाहीच. "आई, जगातली प्रत्येक गोष्ट वायर नसते" हे तुझं वाक्य मात्र सकाळपासून डोक्यात आहे. नसते, कबूल. पण तुझी गाडी अडते ती वायरच आहे.

काल तू चावी फिरवलीस तेव्हा मी दाराशीच होते. एक 'टक', आणि डॅशबोर्ड पार काळोखा. दुसऱ्यांदा तेच, तिसऱ्यांदा तेच. चौथ्यांदा गाडी निमूट चालू झाली आणि तू माझ्याकडे "बघितलंस?" अशा नजरेने पाहिलंस. मी डॅशबोर्डवरच्या घड्याळाकडे पाहत होते. सव्वासात वाजले होते आणि ते 12:00 दाखवत होतं.

मुद्दा तिथेच आहे. नुसता स्टार्टर, म्हणजे इंजिन फिरवून चालू करणारी मोटर, बिघडला असता तर 'टक' झाली असती, पण दिवे तसेच लखलखीत राहिले असते. बॅटरी बसलेली असती तर एकदाच नाही, 'टकटकटकटक' झालं असतं आणि चौथ्यांदा गाडी उठली नसती. कुठेतरी करंट गळत असता तर सकाळी, रात्रभर उभी राहिल्यावर त्रास दिला असता. घड्याळ पुसलं गेलं याचा अर्थ क्षणभर सगळ्या गाडीचाच पुरवठा तुटला. तो बॅटरीच्या तोंडाशी तुटतो, नाहीतर काळी (निगेटिव्ह) केबल बॉडीला बसते तिथे.

मग दिवे एरवी कसे लागतात, असं तू म्हणशील. दिव्याला लागतात पाचेक अँपिअर, स्टार्टरला दीडशेच्या आसपास. सांध्यात 0.05 ओहमचा अडथळा असला तर दिव्यासाठी तिथे पाव व्होल्ट जातो, कोणाला कळतही नाही. तोच सांधा स्टार्टरचे साडेसात व्होल्ट खाऊ बघतो. उरलं काय?

आता बॉनेट उघड. नवी बॅटरी बसवून दीड महिना झाला आणि हे दुखणं त्यानंतरचं आहे, म्हणून माझा संशय क्लॅम्पवर, म्हणजे केबलच्या टोकाची जी पकड बॅटरीच्या खुंट्याला आवळतात तिच्यावर. बॅटरीचे शिशाचे खुंटे दोन जाडीचे येतात. जाड खुंट्याचा क्लॅम्प बारीक खुंट्यावर बसवला की नट पूर्ण आवळला जातो, क्लॅम्पची दोन्ही तोंडं एकमेकांना टेकतात, वरून सगळं घट्ट दिसतं. हाताने धरून पिळ. रेसभर जरी फिरला तरी चोर सापडला. अशा वेळी काहीजण फटीत खिळा ठोकतात, तसलं करू देऊ नकोस. शिशाची टोपी मिळते ती घालायची, नाहीतर त्या मापाचा क्लॅम्प बदलायचा.

फिरत नसेल तर व्होल्ट मोजायचा मीटर लाव. पिवळा मीटर तुझ्या डिकीत निळ्या पिशवीत ठेवलाय, तुला न सांगता. 20 व्होल्ट डीसीवर ठेव, आणि लाल पिन 10 अँपिअरच्या भोकात नाही ना ते आधी बघ, तशी बॅटरीला लावलीस तर सरळ शॉर्ट. इंजिन बंद करून दोनेक तासांनी बॅटरीला 12.6 दिसायला हवेत. 12.2 म्हणजे निम्मी रिकामी. शेजारच्या कुणाला तरी चावी फिरवायला सांग, गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक वर, पिना आणि बाह्या पट्ट्या-पंख्यापासून लांब. एक पिन काळ्या बाजूच्या खुंट्यावर, अगदी शिशावर, दुसरी त्याच्या क्लॅम्पवर. स्टार्टर मारताना जवळजवळ शून्य यायला हवं. अर्धा व्होल्ट आला तरी सांधा खराब. मग पहिली पिन तिथेच ठेवून दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर. 0.2 पेक्षा जास्त नको. जास्त आलं तर अर्थिंगची पट्टी, म्हणजे बॅटरीची काळी बाजू बॉडी-इंजिनला जोडते ती, सोडून घासायची. आपल्या हवेत तांब्याला प्लास्टिकच्या आत हिरवा गंज चढतो, बाहेरून केबल नवीकोरी. दोष येतो-जातो म्हणून गाडी चांगली असताना माप घेऊन उपयोग नाही, अडेल तेव्हाच घे.

साफ करताना 10 नंबरचा पाना, काळी बाजू आधी काढायची आणि शेवटी लावायची. उलटं केलंस आणि पाना बॉडीला लागला तर ठिणगी. गरम पाण्यात खायचा सोडा, जुना ब्रश, कोरडं करून पॉलिश पेपर. व्हॅसलीन नट आवळल्यावर, आधी नाही.

बघ, परत शिकवणी सुरू झाली. माफ कर. तू बत्तीस वर्षांची आहेस आणि कॉलेजात साठ मुलांपुढे उभी राहतेस. पण मला आठवते ती वाइंडिंगच्या टेबलाखाली बसून तारेचे वेढे मोजणारी. मी बोलता बोलता आकडा हरवायचे आणि खालून आवाज यायचा, "एकशे बेचाळीस." एकदाही चुकली नाहीस. कुंदा मावशी म्हणायची, हिला मोजणीला ठेव, पगार दे. पगार म्हणून तू जिलेबी घ्यायचीस.

घाटाबद्दल काही लिहिणार नव्हते. लिहिते. चोर्ल्याला पावसात काळोख पडल्यावर, केरी सोडल्यापासून कणकुंबी येईपर्यंत, गाडी बंदच करू नकोस. फोटो नाही, चहा नाही. तरीही बंद पडली तर कडेला घे, चारी इंडिकेटर लाव, एसी आणि मोठे दिवे बंद कर, आणि काळा क्लॅम्प हाताने जोराने पिळून खाली दाब. नव्वद टक्के उठेल. उतारावर दुसऱ्या गिअरात ढकलस्टार्ट होतं हे तुला माहीत आहे, म्हणूनच सांगते, तिथे करायचं नाही. इंजिन बंद असताना ब्रेक दगडासारखा होतो आणि स्टिअरिंग जड.

काल तू गेल्यावर मी साखळी, केरी, घाट, जांबोटी असं मनातल्या मनात मोजत बसले होते. अण्णा म्हणाले झोप. ते स्वतः ओसरीवर.

बस घे म्हटलं त्याचा तुला राग आला. गाडी तुझ्या पैशाची आहे, हप्ते तू फेडलेस, मी ती कोणकोणाला दाखवली ते तुला ठाऊक नाही. बस घे असं परत म्हणणार नाही. चवथीला येशील तेव्हा दिवसाउजेडी ये एवढंच.

तुझी,
आई

ता. क. क्लॅम्प फिरतो की नाही आणि मीटरवर किती आलं ते कळव. "ठीक आहे" नको, आकडा पाठव.