तिच्या घरी जातोयस म्हणून

अरे,

काल फोनवर "शनिवारी तिच्या घरी जातोय, चार दिवस" एवढंच बोललास आणि मीटिंग आहे म्हणून ठेवून दिलास, म्हणून हे लिहितेय. तसंही मी बोलायला लागले की तुझं नुसतं हो हो चालू असतं ते मला कळतं. प्रवासात वेळ असेल, तेव्हा वाच.

लग्नाआधी मी तुझ्या बाबांच्या घरी पहिल्यांदा गेले होते ते तुला कधी सांगितलं नाहीये. सगळं मस्त चाललं होतं, नावं पाठ होती, गप्पा झाल्या, आणि मग मी बाथरूममध्ये गेले ती आतून कडीच निघेना. ओढून बघितली, ढकलून बघितली, ढिम्म. हाक मारायची लाज वाटत होती, पहिल्याच दिवशी काय म्हणतील, म्हणून मी आपली गप्प उभी आणि मधेमधे उगाचच नळ सोडतेय, म्हणजे बाहेरच्यांना वाटावं हिचं चाललंय काहीतरी. पंधरा-वीस मिनिटं गेली असतील, मग तुझी आजी दारापाशी येऊन अगदी हळू म्हणाली, "दार आत दाबून धर आणि मग कडी वर उचल." निघाली की लगेच! आणि बाहेर त्यांनी कुणाला पत्ता लागू दिला नाही. मी चिडले ते बाबांवर, आधी सांगायला काय झालं होतं. तर म्हणतात कसे, अगं ती अडकते हे मला माहीतच नाही, आमचा हात आपोआप तसाच जातो.

तर तिच्या घरीही अशा कड्या असणार, दाराच्याच असं नाही. कुठली खुर्ची कुणाची, कुणाचं कुणाशी पटत नाही, कोणता विषय काढला की सगळे एकदम गप्प होतात, कुणाला कुठल्या कानाने कमी ऐकू येतं. "माझ्या घरचे एकदम साधे आहेत रे, टेन्शन नको घेऊस" असं ती म्हणेल, आणि खोटं नाही बोलत ती, तिला ते दिसतच नसतं. म्हणून काही सांगायचंय का असं मोघम विचारू नकोस, नेमकं विचार. सकाळी बाथरूमची घाई कुणाला असते, मी झोपायचं कुठे, आणि मुख्य म्हणजे माझ्याबद्दल तू घरी काय काय सांगितलंयस. तुम्ही दोघं एकत्र राहता हे त्यांना माहितीये की नाही हे तिच्या आईसमोर बसल्यावर कळून उपयोग नाही. पगार किती, लग्न कधी, हे तर विचारणारच, त्याचं उत्तर दोघांनी आधी ठरवून एकच ठेवा.

अजून एक, घरात पाऊल टाकल्याबरोबर ती तुला वेगळीच वाटेल. ऑफिसात दहा जणांची टीम सांभाळणारी मुलगी आईवर टॉवेलवरून वसकन ओरडेल, भावाशी रिमोटवरून भांडेल, तुझ्याकडे तासभर बघणारसुद्धा नाही. ते मनाला लावून घेऊ नकोस. आणि आई तिला काही बोलली तर मधे पडू नकोस, ना हिच्या बाजूने ना तिच्या. विशेषतः "हो ना काकू, ही घरी पण असंच करते" हे वाक्य तोंडातून काढू नकोस, त्या क्षणी सगळे हसतील आणि रात्री तुझी वाट लागेल. भाऊ कसा आळशी आहे हे ती दिवसातून चार वेळा म्हणेल, तू एकदाही म्हणायचं नाही.

मदत करतो म्हणून विचारत बसू नकोस, विचारलं की नको नकोच म्हणतात. समोर दिसेल ते उचल, पाणी भर. पण कपाटं उघडू नकोस. कंटाळा आला तर मोबाईलमध्ये तोंड खुपसून बसण्यापेक्षा जुने फोटो बघायला माग, आणि ती नाही नाही म्हणाली तरी तिच्या बाबांना म्हण दाखवा म्हणून. मी असाच एक अल्बम बघितला होता, त्यात तुझे बाबा सातेक वर्षांचे, मोठ्या भावाचा ढगळ शर्ट घातलेला, बाह्या पार बोटांच्या खाली. नवीन शर्ट आणला की हे आधी बाह्या ओढून का बघतात ते मला त्या दिवशी कळलं, मी तोवर त्यांना चिकट समजत होते.

परत येताना गाडीत बसल्या बसल्या तिच्या घरच्यांचा रिव्ह्यू सुरू करू नकोस, चांगला असला तरी. तिला घर सोडून निघताना जे वाटत असेल ते वाटू दे, खिडकीबाहेर बघत बसली तर बसू दे. तिने विचारलं की बोल.

बाकी पोचलास की मेसेज टाक, नुसता अंगठा नको. आणि तिला आपल्याकडे कधी आणतोस ते आधी कळव, आपल्या मागच्या खोलीची कडी पण हल्ली उचलूनच काढावी लागते, बाबांना म्हटलं तर म्हणतात कुठे, नीट तर निघते.

आई