सोलरची केबल मीटररूममध्ये कुठे जोडली?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘पीएम सूर्यघर’ योजनेत गृहनिर्माण संस्थांना सामाईक वापराच्या सोलरसाठी किलोवॉटमागे १८ हजार रुपये अनुदान मिळते. सभेत चर्चा होते ती हमी किती वर्षांची आणि बिल किती उतरणार याची. इन्व्हर्टरची (सोलरची डीसी वीज एसी करणाऱ्या यंत्राची) केबल खाली येऊन पॅनलमध्ये नेमकी कुठे जोडणार, हे सहसा कोणी विचारत नाही. (पॅनल म्हणजे इथे छतावरची काच नव्हे, मीटररूममधली पेटी.) कोटेशनमध्येही त्याला एकच ओळ मिळते.

एक हिशेब पाहा. सामाईक पॅनलला ६३ अँपिअरचा मुख्य एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) आणि ६३ चाच बसबार (वीज वाटणारी तांब्याची पट्टी) आहे. छतावर २० किलोवॉटचा थ्री-फेज इन्व्हर्टर आला. ४१५ व्होल्टला तो फेजमागे सुमारे २८ अँपिअर देतो. सुरक्षेसाठी सव्वापट धरले की ३५, म्हणून ४० चा चार-पोल एमसीबी. तो पॅनलमध्ये जिथे रिकामी जागा दिसेल तिथे बसतो. आता भर दुपारी बसबारला ग्रिडकडून ६३ आणि सोलरकडून २८, असे ९१ अँपिअर मिळू शकतात. दोन्ही एमसीबी आपापल्या मर्यादेत, त्यामुळे पडणार एकही नाही. उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे मधली तांब्याची पट्टी जवळजवळ दुप्पट तापणार. सोलर सुरू झाला त्या दिवशी लोड कमी असतो आणि सगळे ठीक दिसते. पुढे त्याच पॅनलवर ईव्ही चार्जर चढतात, तेव्हा पट्टी तपकिरी पडू लागते.

अमेरिकी वायरिंग कोडचा नियम असा, की मुख्य ब्रेकर (म्हणजे आपला मुख्य एमसीबी) आणि इन्व्हर्टरच्या करंटची सव्वापट यांची बेरीज बसबारच्या १२० टक्क्यांच्या आत हवी, आणि सोलरचा ब्रेकर मुख्य ब्रेकरच्या विरुद्ध टोकाला हवा. इथे बेरीज ९८ आणि मर्यादा ७५.६, म्हणजे या नियमातही आपले पॅनल बसत नाही. ब्रिटिश वायरिंग नियम मुख्य ब्रेकर आणि इन्व्हर्टरचा करंट यांची सव्वापट न धरता सरळ बेरीज करून तेवढ्या क्षमतेचे पॅनल मागतात. आमचे मत या दुसऱ्या पद्धतीच्या बाजूने आहे, कारण टोके पुढच्या दुरुस्तीत बदलली जातात, बेरीज बदलत नाही. ६३ अधिक २८ म्हणजे ९१, तेव्हा बसबार १०० चा तरी हवा. जागा असेल तर १२५ चा. पॅनल बदलायचे नसेल, तर सोलर स्वतंत्र एसीडीबीतून (सोलरच्या एसी बाजूच्या पेटीतून) मीटर आणि मुख्य एमसीबी यांच्या मध्ये जोडावा.

सोसायटीत जनरेटर असेल तर चेंजओव्हर स्विच (महावितरण की जनरेटर, हे बदलणारा) कुठे आहे ते आधी पाहावे. सोलर चेंजओव्हरच्या लोडच्या बाजूला जोडला, तर वीज गेल्यावर जनरेटर सुरू होताच इन्व्हर्टरला वाटते की ग्रिड आली, आणि तो त्याच्याशी जुळवून घेतो. लिफ्ट थांबली, पंप बंद झाला की उरलेली सोलरची वीज उलटी जनरेटरमध्ये शिरते. व्होल्टेज चढते, जनरेटरचे व्होल्टेज सांभाळणारा एव्हीआर जळू शकतो. जोडणी महावितरणच्या बाजूलाच हवी.

घरगुती डीबीत (वीज वाटणाऱ्या पेटीत) वेगळीच चूक दिसते. सोलरचा एमसीबी ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीनंतर (करंटची गळती झाली की वीज तोडणाऱ्या स्विचनंतर) टाकलेला असतो. ट्रान्सफॉर्मर नसलेल्या इन्व्हर्टरमध्ये थोडी गळती कायमच असते, आणि ३० केव्हीएपर्यंत ती सतत ३०० मिलिअँपिअर असली तरी इन्व्हर्टरच्या सुरक्षा मानकाला चालते. पावसाळ्यात छतावरच्या काचा ओल्या झाल्या की ती वाढते. सरीनंतर ऊन पडले आणि घरातली वीज गेली, तर संशय याचाच घ्यावा. बरेचदा बिचारा आरसीसीबी बदलला जातो, नाहीतर काढूनच टाकला जातो, आणि हे सर्वांत वाईट. जोडणी आरसीसीबीच्या आधी घ्यावी. इन्व्हर्टरच्या पुस्तिकेत सांगितले असेल तर त्याला वेगळा टाइप ए किंवा बी आरसीसीबी द्यावा. साध्या एसी टाइपला डीसी गळती कळत नाही.

दुपारी इन्व्हर्टर वारंवार बंद पडतो, ही तक्रार पुष्कळदा केबलची असते. ५ किलोवॉट सिंगल-फेजला सुमारे २२ अँपिअर वाहतात. ३० मीटर अंतराला ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल टाकली, तर इन्व्हर्टरपाशी व्होल्टेज खालच्यापेक्षा साडेसहा व्होल्टने जास्त होते. खाली २४८ असेल तर वर २५४, आणि इन्व्हर्टर बंद पडण्याची मर्यादा २५३ ची. १० चौरस मिलिमीटरला ही वाढ अडीच व्होल्टच राहते. केबल बदलण्याऐवजी सेटिंगमध्ये मर्यादाच वाढवून देणारे तंत्रज्ञही आहेत. त्यांना तसे करू देऊ नये.

आयसोलेटर (सोलर हाताने तोडण्याचा स्विच) उघडला आहे हे डोळ्यांना दिसणारा, कुलूप लावता येणारा आणि लाइनमनला कोणाची परवानगी न मागता रात्री-बेरात्री गाठता येईल असा हवा, हे केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या २०१३ च्या नियमांतच आहे. बंद टेरेसच्या दाराआड लावलेला आयसोलेटर त्यात बसत नाही. पॅनलच्या दारावर ‘दोन बाजूंनी वीजपुरवठा’ अशी मराठीत पाटीही लावावी.

नेट मीटर (घेतलेली आणि परत दिलेली वीज मोजणारा) बसवण्याआधीच्या तपासणीत महावितरणने चार गोष्टी लेखी घ्याव्यात: बसबारचे अँपिअर, सोलरच्या एमसीबीची जागा, चेंजओव्हरच्या कुठल्या बाजूला जोडणी आहे, आणि केबलचा आकार व लांबी. त्याची एक प्रत लॅमिनेट करून पॅनलच्या दाराच्या आत चिकटवावी. पुढचा इलेक्ट्रिशियन दार उघडेल तेव्हा फाइल शोधायला जाणार नाही.

– सोलर जोडणीचे काम करणारे विद्युत पर्यवेक्षक, पुणे