व्हेसिकल मोजायचं मशीन आमच्या जवळ हवं

संपादक साहेब, नमस्कार.

मी लातूरच्या एका कॉलेजात मायक्रोबायोलॉजी शिकवते. काही जंतू स्वतःच्या बाहेरच्या आवरणाचे बारीक बुडबुडे सोडत राहतात, त्यांना व्हेसिकल म्हणतात, साइज साधारण 20 ते 250 नॅनोमीटर. जिवंत जंतू नाही पण अंगावरची खूण तीच, म्हणून शरीर त्याला ओळखायला शिकतं. मेनिंगोकोकस बी या मेंदूज्वराच्या जंतूवर क्युबानं 1980 च्या दशकातच अशा व्हेसिकलची लस काढली, न्यूझीलंडनं 2004 पासून अशीच दुसरी लस लेकरांना टोचली.

आमच्या एका विद्यार्थिनीनं चार महिने खपून ई. कोलायचे व्हेसिकल काढले. साइज मोजायचं मशीन आमच्याकडं नाही, मग थर्मोकोलच्या डब्यात आइस पॅक घालून रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं सॅम्पल पुण्याला, सकाळी डबा उघडला तर पॅकचं पार कोमट पाणी झालेलं. रिपोर्ट आला सरासरी तीनशेच्या वर. पोरगी रडायलाच लागली, आपलं सगळं काम वाया गेलं म्हणून. पण इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपच्या फोटोत बहुतेक कण शंभरच्या आसपासच होते, मधेमधे थोडे गुठळ्या होऊन चिकटलेले, बस.

पुण्याला ज्यावर साइज मोजली त्या लेझरवाल्या डीएलएस मशीनची गंमत अशी की 40 चा कण आणि 80 चा कण शेजारी असले तर 80 वाला 64 पट जास्त उजेड फेकतो, त्यामुळं चार गुठळ्या हजारो चांगल्या कणांना झाकून टाकतात. एकेक कण कॅमेऱ्यानं पाहणारी एनटीए पद्धत इथं बरी पडते, पण तीही कण पाण्यात किती जोरात थरथरतो त्यावरूनच साइज काढते. आणि पाणी तापलं की पातळ होतं, कण जास्त थरथरतो आणि मशीनला तो लहान वाटतो. सॅम्पल 35 डिग्रीला आणि मशीनमध्ये 25 भरलं असलं तर 100 चा कण 80 च्याही खाली दिसतो! आमच्याकडं मे महिन्यात लाइट गेली की लॅबमध्ये 35 म्हणजे गारच म्हणायचं.

लसीच्या कामात ही चूक चालत नाही. निर्जंतुक करायचा फिल्टर 0.22 मायक्रॉनचा म्हणजे 220 नॅनोमीटरचा असतो, गुठळ्या त्यात अडकून बसतात, फिल्टर तुंबतो, माल कमी भरतो. प्रत्येक बॅचची साइज सारखी आली तरच पुढचं बोलायचं.

माझी मागणी एवढीच आहे की लातूर, नांदेड, परभणी, बीड, धाराशिव इकडच्या छोट्या कॉलेजांना मिळून वापरता येईल असं एक मशीन जवळ ठेवा, एसी खोलीत, इन्व्हर्टरसकट, आणि ते चालवायला पगारी माणूस द्या, नाहीतर कव्हर घालून तसंच पडून राहतं. सकाळी काढलेलं सॅम्पल दुपारच्या आत मोजून झालं पाहिजे. आमची ती पोरगी आता दुसऱ्यांदा कल्चर लावतीय.

– एक शिक्षिका, लातूर