जनुकांमधली जागा रिकामी नसते

महोदय,

औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगाविषयी आपल्या रविवार पुरवणीत आलेला लेख वाचला. विषय अगत्याचा आहे आणि भाषाही सोपी आहे. मात्र ‘जनुकात बिघाड झाला तरच प्रथिन बदलते आणि औषध लागू पडत नाही, जनुकांच्या मधला डीएनए ही रिकामी जागा असते’ अशा अर्थाचे एक विधान त्यात आहे. ते चुकीचे आहे. ते क्षयाच्या जिवाणूबद्दल केले आहे, म्हणून हे पत्र लिहितो आहे.

जिवाणू जागेच्या बाबतीत मुळातच काटकसरी. ई. कोलाय या आतड्यात राहणाऱ्या जिवाणूच्या प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या वाणाचा पूर्ण अक्षरक्रम, म्हणजे डीएनएमधल्या ए, टी, जी, सी या चार घटकांचा क्रम, 1997 साली हाती आला. सुमारे 46 लाख अक्षरजोड्यांपैकी (डीएनएच्या दोन धाग्यांवर ए-समोर टी आणि जी-समोर सी असते) जवळपास 88 टक्के प्रथिनांच्या जनुकांनी व्यापलेल्या निघाल्या. जनुकांवर नियंत्रण ठेवणारी प्रथिने मुख्यतः उरलेल्या थोड्याशा जागेत डीएनएवर येऊन बसतात, आणि कोणते प्रथिन कुठे आणि किती घट्ट बसेल हे तिथली अक्षरे ठरवतात. जनुक अगदी शाबूत असले तरी ते वाचायचे की नाही, किती वेळा वाचायचे, याचा निकाल बहुतांशी या जागेत लागतो.

बारावीच्या जीवशास्त्रात लॅक ओपेरॉन असतो, म्हणजे दुधातली साखर (लॅक्टोज) पचवणाऱ्या विकरांच्या (एन्झाइमांच्या) जनुकांचा एकत्र वाचला जाणारा गट. चौकटी आणि बाण काढून विद्यार्थी गुण मिळवतात. (मी अशा शेकडो उत्तरपत्रिका तपासल्या आहेत, ऑपरेटरची चौकट प्रत्येकीत असे, त्या चौकटीत काय लिहिलेले असते हे कुणी विचारत नसे.) त्या चौकटीतच सगळी गंमत आहे. लॅक्टोज नसताना ई. कोलाय ते पचवणारी विकरे बनवत नाही, कारण रिप्रेसर नावाचे प्रथिन ऑपरेटरवर, म्हणजे या जनुकांच्या सुरुवातीजवळच्या डीएनएच्या छोट्या तुकड्यावर, बसून जनुकांचे वाचन रोखते. फ्रान्स्वा जेकब आणि जॅक मोनो यांनी पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये ही मांडणी 1961 साली केली आणि 1965 साली आंद्रे ल्वॉफ यांच्यासह त्यांना नोबेल मिळाले. त्यांच्याकडे असे काही जिवाणू होते, ज्यांत विकराचे जनुक ठीक, रिप्रेसरही ठीक, तरी विकर सतत बनतच राही. अशा पेशीत ओपेरॉनची दुसरी, निर्दोष प्रत घातली तरी बिघडलेल्या प्रतीवरची जनुके चालूच राहत. रिप्रेसर पेशीत मोकळा हिंडत होता, निर्दोष प्रतीला रोखतही होता. बिघडलेल्या प्रतीवर मात्र तो नीट बसू शकत नव्हता. दोष प्रथिनात नव्हता, त्याच्या बसायच्या जागेत होता.

ती जागा प्रत्यक्ष वाचायला आणखी बारा वर्षे लागली. वॉल्टर गिल्बर्ट आणि बेन्नो म्युलर-हिल यांनी 1966 साली रिप्रेसर वेगळे काढले. पेशीत त्याचे जेमतेम दहा रेणू असतात, त्यामुळे ते काम सोपे नव्हते. पुढे 1973 साली गिल्बर्ट आणि ॲलन मॅक्सम यांनी ऑपरेटरची 24 अक्षरे छापली. त्यातल्या गाभ्याची डावीकडची दहा अक्षरे अशी: ए-ए-टी-टी-जी-टी-जी-ए-जी-सी. उजवीकडची दहा समोरच्या धाग्यावर उलट दिशेने वाचली तर येते ए-ए-टी-टी-जी-टी-टी-ए-टी-सी. दहांपैकी आठ अक्षरे जुळतात, दोन जुळत नाहीत, आणि दोन्ही भागांच्या मध्ये एक अक्षर जास्तीचे. रिप्रेसरचे दोन सारखे हात डीएनएच्या या दोन भागांना धरतात, म्हणून ही आरशातली रचना. पण ती अपुरी का? 1980च्या दशकात संशोधकांनी मधले अक्षर काढून, डावा भागच दोन्हीकडे घालून ऑपरेटर तयार केला, तर रिप्रेसर त्याला मूळच्या सुमारे दहापट घट्ट धरू लागले. म्हणजे निसर्गाने सर्वांत घट्ट पकड निवडलेलीच नाही. माझ्या मते यात नवल नाही: लॅक्टोज मिळताच कुलूप उघडायचे असेल तर ते गंजून बसलेले नको.

प्रथिन ही अक्षरे वाचते कशी? दुहेरी गोफ न उलगडता. 1976 साली सीमन, रोझेनबर्ग आणि रिच यांनी दाखवले की गोफाच्या रुंद खोबणीत अक्षरांच्या कडा उघड्या असतात आणि त्यावरून चारही जोड्या एकमेकींपासून वेगळ्या ओळखता येतात. प्रथिनाची एक छोटी सर्पिल पट्टी या खोबणीत शिरते आणि तिच्यावरची अमिनो आम्ले हायड्रोजन बंधांनी विशिष्ट अक्षरे पकडतात. एवढ्यावर हे संपत नाही. ई. कोलायवर वाढणाऱ्या 434 नावाच्या विषाणूच्या रिप्रेसरची जागा 14 अक्षरांची. त्यातल्या मधल्या अक्षरांना प्रथिन स्पर्शही करत नाही. तरी तिथे ए-टी जोड्या असल्या तर पकड घट्ट होते आणि जी-सी असल्या तर सैल. प्रथिन बसताना तो मधला भाग जरा जास्त पिळला जातो, आणि किती पिळला जाईल हे अक्षरांवर अवलंबून असते. हे काम 1987 सालचे. मला ते आजही थक्क करते. न शिवलेले अक्षरही पकड बदलते, हे लक्षात आल्यावर ‘रिकामी जागा’ हा शब्दप्रयोग कुणीही जपूनच करेल.

आता क्षयाकडे. जनुक वाचणारे यंत्र म्हणजे आरएनए पॉलिमरेज. त्याला कुठे बसायचे ते त्याला जोडलेले सिग्मा घटक नावाचे प्रथिन ओळखून देते; ही बसायची जागा म्हणजे प्रमोटर. ई. कोलायमध्ये वाचन सुरू होण्याच्या सुमारे दहा अक्षरे आधी टी-ए-टी-ए-ए-टी आणि सुमारे पस्तीस अक्षरे आधी टी-टी-जी-ए-सी-ए हा क्रम सर्वांत पसंतीचा. लॅकच्या प्रमोटरमध्ये दहाच्या जागी टी-ए-टी-जी-टी-टी आहे. म्हणून तो अशक्त असतो आणि त्याला दुसऱ्या एका प्रथिनाचा आधार लागतो. त्यातली दोनच अक्षरे बदलून पसंतीचा क्रम केला की तो आधार न घेता जोमाने चालतो.

क्षयाच्या जिवाणूत नेमके असेच काही घडते. आयसोनियाझिड हे औषध आधी केटजी या विकराने सक्रिय व्हावे लागते, मग ते इनएचए नावाच्या विकराला निकामी करते. जिवाणूच्या मेणचट आवरणासाठी हे विकर लागते. केटजी बिघडले की औषध सक्रियच होत नाही. एवढेच आपल्या लेखात आले आहे. दुसरा रस्ता सुटला आहे. इनएचएच्या आधीच्या प्रमोटरमध्ये, वाचन सुरू होण्याच्या पंधरा अक्षरे आधी, सी-च्या जागी टी आला तर इनएचए प्रमाणाबाहेर बनू लागते. विकर जसेच्या तसे असते, फक्त खूप जास्त, आणि नेहमीची मात्रा त्याला पुरी पडत नाही. इथिओनामाइड या क्षयाच्या दुसऱ्या औषधाचेही लक्ष्य हेच विकर, त्यामुळे तेही औषध सोबतच निष्प्रभ ठरते. या जिवाणूच्या 44 लाख अक्षरांतले एक अक्षर, तेही जनुकाच्या बाहेरचे!

रुग्णासाठी हा फरक कागदोपत्री नाही. फक्त इनएचए प्रमोटरचा बदल असेल तर आयसोनियाझिडचा प्रतिरोध बहुधा सौम्य असतो आणि वाढीव मात्रेचा विचार होऊ शकतो. केटजीचा नेहमीचा बदल असेल तर तो सहसा तीव्र असतो. आपल्याकडे पहिल्या फेरीत होणाऱ्या सीबीनॅट आणि गोव्यात तयार होणाऱ्या ट्रूनॅट या नेहमीच्या चाचण्या रिफॅम्पिसिन या क्षयाच्या दुसऱ्या मुख्य औषधाचा प्रतिरोध शोधतात. आयसोनियाझिडचे कळण्यासाठी एलपीए (लाइन प्रोब ॲसे) ही डीएनएतले बदल पट्टीवर दाखवणारी चाचणी होते आणि तिच्या पट्टीवर केटजी आणि इनएचए यांच्या रेघा वेगवेगळ्या उमटतात. रुग्णाच्या हाती मात्र पुष्कळदा ‘प्रतिरोध आहे’ एवढेच वाक्य पडते.

तेव्हा दोन विनंत्या. वरील विधानाची दुरुस्ती छापावी. आणि लेखाचा पुढचा भाग येणार असेल तर एलपीएचा अहवाल कसा वाचायचा, त्यात केटजी आणि इनएचएपैकी काय नोंदवले आहे हे उपचार करणाऱ्या डॉक्टरांना कसे विचारायचे, याची एक चौकट त्यात द्यावी. मात्रा ठरवणे डॉक्टरांचे काम आहे, पण प्रश्न विचारायला हरकत नाही.

आपला,
सूक्ष्मजीवशास्त्राचा एक निवृत्त शिक्षक, मिरज