फीत कापणाऱ्यांपैकी एक

संपादक महोदय,

राडारोड्याच्या, म्हणजे बांधकाम-पाडकामाच्या कचऱ्याच्या, पुनर्वापर प्रकल्पाच्या उद्घाटनाची आणि तिथल्या सत्काराची कालची बातमी वाचली. यंत्राचा फोटो छान आला आहे. फीत कापणारेही छान आले आहेत. त्यांतील डावीकडून दुसरे गृहस्थ आमचे शेजारी.

गेल्या उन्हाळ्यात त्यांनी बाथरूम नवे केले आणि जुने रातोरात आमच्या फाटकाला येऊन टेकले. फुटका कमोड, पीओपीचे तुकडे, गिलाव्याची ढेकळे आणि निळ्या माशांच्या फरशा. त्या माशांसमोर मी त्यांच्या घरी हात धुतले आहेत, तेव्हा ओळखायला चूक होणे शक्य नाही. विचारले, तर म्हणाले, "अहो, असल्या फरशा घरोघरी असतात." तक्रार नोंदवायला गेलो, तर उत्तर मिळाले की ज्याच्या दारात पडलाय त्याने उचलावा. टेम्पोचे भाडे मीच भरले. ढिगात खिडकीचे गज आणि नळ तेवढे नव्हते. ते भंगारात गेले होते. ज्याचे पैसे येतात ते वेगळे काढायला कुणालाच शिकवावे लागत नाही!

यंत्राच्या कौतुकात आपल्या वार्ताहराने हेच विचारायचे राहिले, की त्याच्या तोंडात पडणार काय? काँक्रीट निराळे आले तर त्याची खडी होते, रस्त्याच्या थरात आणि पेव्हर ब्लॉकमध्ये चालते. तिला जुने सिमेंट चिकटलेले असल्याने ती पाणी जास्त पिते, हे धरून चालावे लागते, एवढेच. पण त्यात पीओपी मिसळला की संपले. त्यातल्या सल्फेटची सिमेंटशी प्रक्रिया होऊन काँक्रीट फुगते आणि तडकते. जुने अ‍ॅस्बेस्टॉसचे पत्रे तर त्या ढिगात येताच कामा नयेत. त्यांचा चुरा फुफ्फुसात जातो. म्हणजे खरे काम पाडतानाच, घण हातात असताना करायचे. तिथे फोटोग्राफर जात नाहीत.

किती टक्के राडारोडा पुन्हा कामी येईल, या बातमीतल्या टक्केवारीबद्दलही सावध असावे. युरोपीय संघाने २००८ साली ठरवले की २०२० पर्यंत असा ७० टक्के कचरा पुन्हा कामी आणायचा. पण त्यात खड्डे बुजवणेही धरले. त्या हिशेबाने आमच्या फाटकापुढचा खड्डा बुजवून शेजाऱ्यांनीही पुनर्वापरच केला म्हणायचा. आपल्या टक्केवारीत काय काय धरले आहे, तेही एकदा छापावे.

सत्काराला माझी हरकत नाही. फक्त पुढच्या वेळी सत्कारमूर्तींच्या घरचे मागचे बांधकाम कुठे गेले, एवढे विचारून घ्यावे.

– एक जुना वाचक

ता. क. : माझ्या मागच्या पत्रातला मुद्द्याचा परिच्छेद आपण कापलात आणि 'आपले वृत्तपत्र उत्तम आहे' हे वाक्य ठेवलेत. या वेळी ते वाक्य लिहिलेलेच नाही.