चार मिनिटं लेट

ती. काकांना,
सा. न. वि. वि.

हे पत्र तुमच्या हातात दिलं असतं तर तुम्ही ते न वाचता घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवलं असतंत आणि ‘चहा टाकायला सांगू का?’ म्हणाला असतात. म्हणून असं चारचौघांत लिहिते आहे. काकू वाचून दाखवतील. नाव लिहीत नाही. आपल्या कोपरीच्या गल्लीत ‘मोटरमन काका’ म्हटलं की पुरतं.

आठवतंय का, जिन्यातच सुरू झालं हे सगळं. गणपतीच्या आधीचे दिवस. मी उजवा पाय ओढत चढत होते आणि तुम्ही दूध घेऊन मागून येत होतात. काय झालं म्हणून विचारलंत. म्हटलं, नडगी दुखतेय, जानेवारीत फुल मॅरेथॉन आहे, बेचाळीस किलोमीटर. तोवर हे ऐकून लोकांनी मला दोनच उत्तरं दिली होती, ‘बापरे’ किंवा ‘जमेल गं तुला, नक्की!’ तुम्ही दुधाची पिशवी या हातातून त्या हातात घेतलीत, छताकडे बघितलंत आणि म्हणालात, ‘म्हणजे व्हीटीवरून दिवा स्टेशनच्या जरा अलीकडे.’

मी जन्मापासून ठाण्यात. नोकरीला लागल्यापासून रोज व्हीटीला जाऊन-येऊन करते. पण कुर्ला किती किलोमीटरवर आणि मुलुंड किती, हे कधी मनात आलं नव्हतं. दादर ९, घाटकोपर १९, मुलुंड ३१, ठाणे ३४, मुंब्रा ४०, दिवा ४३. तुम्ही जिन्यातच घडाघडा म्हणून दाखवलंत. वर मिश्किलपणे म्हणालात, ‘इंग्रजांची पहिली गाडीसुद्धा १८५३ला बोरीबंदरहून सुटून ठाण्यालाच थांबली. तू आठ किलोमीटर जास्तच चाललीस.’

त्याच संध्याकाळी एलआयसीची जुनी डायरी घेऊन तुम्ही आमच्या दारात. पानांवर पट्टीने रकाने आखलेले होते: स्टेशन, अंतर, पोहोच, लेट, कारण. माझ्या मोबाइलमध्ये सरावाचा एक रंगीबेरंगी कार्यक्रम होता, तो तुम्ही चष्मा वर करून नीट बघितलात आणि परत दिलात. आधीच्या वर्षीच्या हाफ मॅरेथॉनबद्दल विचारलंत. मी खरं सांगितलं. पहिले आठ किलोमीटर उडत गेले, चौदाव्याला रस्त्याकडेला बसून ओकले. तुम्ही एवढंच म्हणालात, ‘पहिल्या आठला कोण मागे लागलं होतं?’

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. अजून नाही.

पुढचे तीन आठवडे तुम्ही मला धावूच दिलं नाहीत. रुळाचं काम चालू असलं की कॉशन ऑर्डर असते, मग मेल असो की लोकल, सांगितलेल्या वेगाच्या वर जायचं नाही. तसं मी तीन आठवडे चालले, तलावपाळीला चकरा मारल्या, कॉलेजची पोरं मला मागे टाकून गेली आणि मी मनातल्या मनात तुमच्यावर चिडत राहिले. हे आज कबूल करते. नडगी मात्र पुन्हा दुखली नाही.

मग रविवार सुरू झाले. पहाटे साडेचारला गेटपाशी तुमची स्कूटर, हँडलला पिशवी, पिशवीत थर्मास. थर्मासमध्ये लिंबू, मीठ, साखर, पाणी. डबीत दोन खजूर. दोनच, तिसरा मागितला तर ‘पुढच्या स्टेशनाला’. तुम्ही पुढे जाऊन उभे राहायचात आणि मी मागून धावत यायचे. घोडबंदर रोडवर मेट्रोच्या कामाचे पत्रे, धूळ, डंपर, आणि त्या सगळ्यात तुम्ही आपली मध्य रेल्वे मांडली होतीत. कॅडबरीचा सिग्नल म्हणजे भायखळा, मानपाडा म्हणजे परळ. हॉल्ट वीस सेकंद. त्यापुढे थांबले की घड्याळावर बोट. एकदा एका रिक्षावाल्याने विचारलंन, ‘काका, ताईंना स्पर्धेला उतरवताय काय?’ तुम्ही म्हणालात, ‘छे, स्लो लोकल आहे.’

वेग जास्त झालाय की नाही हे ओळखण्याची तुमची रीत मी आता सगळ्यांना सांगते. धावता धावता मशीद ते कुर्ला सगळी स्टेशनं म्हणायची. चिंचपोकळीला धाप लागली की वेग जास्त. घड्याळं विकत घेणाऱ्यांनी हे करून बघावं, फुकट आहे.

मॅरेथॉनच्या वाटेत पेडर रोडचा चढ लागतो, त्यासाठी तुम्ही येऊरचा चढ ठरवला होतात. नीट उजाडल्याशिवाय तिकडे जायचं नाही, बिबट्याची जागा आहे, हे तुम्हीच बजावलंत. चढताना छोटी पावलं, आणि उतरताना ‘पॉवर काढ, गाडी सोड’. कोस्टिंग कसं करतात ते मला तिथे कळलं. मोटरमन सगळा वेळ वीज ओढत नसतो, वेग घेतला की पॉवर बंद करून गाडी तिच्या ओघाने जाऊ देतो. मी आयुष्यभर दाराशी उभी राहून तो मोटरचा आवाज बंद झालेला ऐकलाय, पण तो मुद्दाम बंद करतात हे माहीत नव्हतं.

त्या दिवशी उपवनच्या काठावर बसल्यावर मी विचारलं होतं, तुम्ही माझ्यासाठी एवढी झोपमोड का करता. तुम्ही म्हणालात, झोप कुठे आहे, रिटायर झाल्यापासून साडेतीनलाच जाग येते. मग बराच वेळ गप्प राहून, तळ्याकडे बघत, तुम्ही ते सांगितलंत. इतक्या वर्षांत तीन वेळा तुमच्या गाडीसमोर माणूस आला होता. ‘ब्रेक लावला तरी बारा डब्यांची गाडी लगेच थांबत नाही गं. आपण नुसतं बघत राहतो. माणूस जिवाच्या आकांताने पळताना मी तेवढाच बघितला. आता कुणी असंच, आपल्या खुशीने पळताना बघायला बरं वाटतं.’

मला काही बोलता आलं नाही. मी थर्मासचं झाकण लावलं. काका, हे इथे लिहू का नको, यात माझे दोन दिवस गेले. नको वाटलं तर काकूंना सांगा, एवढा भाग गाळून वाचतील.

डिसेंबरमधला बत्तीस किलोमीटरचा रविवार तर मला जन्मभर पुरेल. गायमुखपर्यंत जाऊन परत. येताना कापूरबावडीच्या पुलाजवळ माझे पाय माझे राहिले नाहीत. दुखत नव्हते, नुसते रिकामे झाले होते. मी फुटपाथच्या कडेला बसले आणि म्हटलं, रिक्षा बघा. तुम्ही रिक्षा बघितली नाहीत. स्टँडवर स्कूटर लावलीत आणि मला न्यूट्रल सेक्शन समजावलात, जणू काही मी ट्रेनिंगला आलेली असिस्टंट होते. दोन बाजूंची वीज एकमेकींना भिडू नये म्हणून ओव्हरहेड तारेत मध्येच एक तुकडा विजेविना ठेवलेला असतो. मोटरमन आधीच पॉवर बंद करतो आणि गाडी ओघाने पार होते. हळू गेली तरी चालतं. पण तिथे थांबली तर आपली आपण हलत नाही, मागून दुसरी गाडी आणून ढकलावी लागते. ‘तुझ्या तारेत आत्ता वीज नाही. ती पुढे आहे. चाल, पण बसू नकोस.’

रात्री वाचलं तेव्हा कळलं की शरीराचंही तसंच असतं. स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर साधारण तिसाव्या किलोमीटरच्या आसपास संपत येते. धावणारे त्याला ‘वॉल’ म्हणतात, भिंत. मला तुमचाच शब्द बरा वाटतो. भिंतीवर माणूस आपटतो, न्यूट्रल सेक्शन पार होतो.

शेवटचे तीन आठवडे अंतर कमी करायचं होतं, त्याला तुम्ही ‘डबल यलो’ म्हणायचात, म्हणजे पुढे वेग कमी करायची तयारी ठेवा सांगणारा दोन पिवळ्या दिव्यांचा सिग्नल. त्याबद्दल लिहिण्यासारखं एवढंच की मी घरात सगळ्यांच्या डोक्यात गेले.

आणि मग तो रविवार. मॅरेथॉनसाठी सोडलेल्या खास लोकलने मध्यरात्रीनंतर ठाण्याहून निघाले. डब्यात सगळे छातीवर नंबराचा बिब लावलेले, कुणी केळी सोलतंय, कुणी पायाला व्हॅसलीन चोळतंय, एवढ्या रात्री डब्यात अमृतांजनचा वास. आपलं ठरलं होतं तसं स्टार्टची, वेळ नोंदवणारी मॅट ओलांडताना मी तुम्हाला दोन मिसकॉल दिले. गार्डच्या दोन बेल म्हणजे गाडी सोडा. तुम्ही लगेच दोन परत दिलेत. शेजारची बाई म्हणाली, ‘घरून फोन?’ मी म्हटलं, ‘हो.’

मरीन ड्राइव्हवर अंधार होता. पेडर रोड पहिल्यांदा चढताना काहीच वाटलं नाही, आणि तिथेच मला भीती वाटली, कारण येताना तो पुन्हा होता. सी लिंकवर उजाडत गेलं. तिथे बघायला कुणी नसतं, नुसता वारा आणि शेकडो बुटांचा आवाज. माहीमनंतर मात्र लोकांनी रस्ता भरून टाकला होता. संत्र्याच्या फोडी, चिक्की, मीठ, पायावर स्प्रे मारणारी पोरं. शिवाजी पार्कजवळ एक आजी खुर्ची टाकून बसल्या होत्या आणि प्रत्येकाला ‘आलंच हं, आलंच’ सांगत होत्या. काही आलं नव्हतं. अजून मुलुंडसुद्धा लांब होतं. पण त्या आजींचेही आभार, पत्र तुमचं असलं तरी.

आपलं टाइमटेबल ५ तास ४५ मिनिटांचं होतं. वरळीला मला कळलं की मी मागे पडतेय. ऊन तापलं होतं, पोटरीत गोळे येत होते. मी हिशोब केला, की पुढचे दोन किलोमीटर जोर लावला तर सगळं भरून निघेल. आजूबाजूचे तेच करत होते.

हाजी अलीला, चढ सुरू होण्याआधी, तुम्ही दिसलात. तोच निळा स्वेटर, माकडटोपी हातात, दुसऱ्या हातात थर्मास. ठाण्याहून दादर, गाडी बदलून महालक्ष्मी, पुढे पायी. येणार म्हणून सांगितलंही नव्हतंत. तुम्ही ‘शाब्बास’ म्हणाला नाहीत, ‘थोडंच राहिलंय’ म्हणाला नाहीत. घड्याळ बघून म्हणालात, ‘चार मिनिटं लेट आहेस. मेकअप करायला जायचं नाही. चढ आहे.’

रेल्वेबाहेरच्या लोकांसाठी सांगते, गेलेली वेळ भरून काढायला गाडी दामटायची, त्याला तुमच्याकडे मेकअप म्हणतात. आम्हा बायकांचं आयुष्य दोन्ही अर्थांनी मेकअपमध्ये जातं. डबे उशिरा झाले म्हणून स्टेशनवर पळा, गाडी चुकली म्हणून जेवणाची सुट्टी कापा, ऑफिसात उशीर झाला म्हणून मुलाचा अभ्यास रात्री अकराला घ्या. एकेचाळीस वर्षांत मला ‘लवकर ये’ म्हणणारे भेटले, ‘तू करशील’ म्हणणारे भेटले. लेट झालीस, लेटच राहा, असं कुणी सांगितलं नव्हतं. ते तुम्ही हाजी अलीच्या सिग्नलला सांगितलंत, आणि माझ्या खांद्यांवरून काहीतरी खाली उतरलं. मी पेडर रोड चालत चढले. छोटी पावलं, मशीद, सँडहर्स्ट रोड, भायखळा. जे मला दामटून मागे टाकून गेले होते त्यातले दोघे वरती दुभाजकाला धरून पोटऱ्या चोळत उभे होते.

५ तास ५२ मिनिटं. मॅट ओलांडली आणि एक मिसकॉल दिला. एक बेल म्हणजे थांबा. तुम्ही एक परत दिलात.

दुसऱ्या दिवशी मी जिना उलटी उतरत होते, कठड्याला धरून, तेव्हा तुम्ही डायरी माझ्या हातात ठेवलीत. शेवटच्या ओळीत तुमच्या अक्षरात लिहिलंय: पोहोच ५.५२, लेट ७ मि. पुढचा ‘कारण’चा रकाना तुम्ही कोरा ठेवलाय. नियमाने तो भरावा लागतो, असं तुम्हीच सांगितलं होतंत, म्हणून आज भरला आहे. डायरी थर्माससोबत काकूंकडे पाठवते.

कारण: हाजी अली येथे हॉल्ट वीस सेकंदांचा होता. गाडी मोटरमनच्या गळ्यात पडून रडली. हॉल्ट अडीच मिनिटांचा झाला. बाकी चढ.

तुमची,
दुसऱ्या मजल्यावरची स्लो लोकल