खुले रंगमंच कुलपात का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बागेत हिरवळीवर बसू द्यावे की नाही, दुपारी फाटक बंद का, यावर आपल्या सदरात अधूनमधून पत्रे येतात. मला बागेतल्या आणखी एका गोष्टीविषयी लिहायचे आहे. ती म्हणजे खुले रंगमंच. आमच्या भागातल्या बागेत असा एक आहे. शहाबादी फरशीचा कट्टा, समोर अर्धगोल पायऱ्या, मागे कपडे बदलायच्या दोन खोल्या. त्या खोल्यांत सध्या खुरपी, फुटके पाइप आणि जुन्या वृक्षारोपणाचे फलक ठेवलेले आहेत. कट्ट्याला जाळीचे दार, दाराला कुलूप. सकाळी हास्यक्लबची मंडळी जाळीच्या अलीकडे उभी राहून हसतात.

हे आताच सुचायचे कारण म्हणजे यंदाचा उन्हाळा मी लेकीकडे नेदरलँड्समध्ये, ॲमस्टरडॅमला लागून असलेल्या ॲमस्टलव्हीनमध्ये काढला. तिकडून परतलेले लोक तिथले रस्ते किती स्वच्छ याचे कौतुक करतात. ते करायला मी लिहीत नाही, कारण सगळे काही तसे नसते. पण ॲमस्टरडॅमचे व्हॉन्डेलपार्क मात्र मी बारकाईने पाहिले.

ही बाग १८६५ साली उघडली. काढली कोणी, तर सरकारने नाही. शहरातल्या काही सधन नागरिकांनी मंडळ स्थापन केले, वर्गणी जमवली, पाणथळ जमीन घेतली आणि झोकर या पितापुत्र वास्तुकारांकडून आखणी करून घेतली. सरळ रस्ता जवळजवळ नाहीच. वाट वळते, तळे येते, पुन्हा वाट वळते, त्यामुळे ४७ हेक्टरांची बाग त्याहून मोठी वाटते. पुढे त्या मंडळाला देखभालीचा खर्च झेपेना, तेव्हा १९५३ मध्ये बाग महापालिकेच्या ताब्यात दिली. खर्च कसला, तर खालची जमीन भुसभुशीत, कुजलेल्या वनस्पतींच्या थराची. ती सारखी खचते, पाणी वर येते, झाडांच्या मुळांना त्रास होतो. म्हणून मधूनमधून भराव घालून बाग वर उचलावी लागते. आमच्याकडे निधी नाही म्हणणाऱ्यांनी हे जरूर ऐकावे.

नाव पडले ते योस्ट व्हान डेन व्हॉन्डेल या सतराव्या शतकातल्या कवी-नाटककारावरून. शहरातले पहिले पक्के नाट्यगृह १६३८ मध्ये त्याच्याच नाटकाने सुरू झाले. त्याचा पुतळा बागेत १८६७ साली बसवला आणि लोकांनी बागेला त्याचेच नाव देऊन टाकले. (पुण्यातल्या एका बागेतही नाटककाराचा पुतळा होता. तो विषय इथे नको.) आणखी एके ठिकाणी हिरवळीवर पिकासोचे काँक्रीटचे उंच शिल्प आहे, बागेला शंभर वर्षे झाली तेव्हाचे. तो पक्षी आहे की मासा यावर माझ्या नातवाचे आणि माझे एकमत झाले नाही. महत्त्वाचे म्हणजे, पिकासो असूनही भोवती काचेची पेटी नाही. लोक शेजारी चादर पसरून डबा खातात.

सायकलीबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. पुणे सायकलींचे शहर होते त्या काळात पदर खोचून लेडीज सायकलवर ड्यूटीला गेलेली बाई आहे मी. लेकीच्या सायकलला हँडलवर ब्रेकच नव्हता. पेडल उलटे दाबायचे की सायकल थांबते. पायांना ते कळायला वेळ लागला, पण मग बागेचा पूर्ण फेरा मजेत मारता आला. मोटारी आत येत नाहीत. मात्र तिथले सायकलवाले फार दयाळू आहेत असे कोणी समजू नये. वाटेत उभे राहून फोटो काढणाऱ्याला ते घंटी वाजवून, वर दोन शब्द सुनावून पुढे जातात. बरोबरच आहे त्यांचे. आणि डोक्यावरच्या झाडांत चक्क आपले पोपट, लाल चोचीचे, गळ्यात कंठ असलेले! कधी काळी पिंजऱ्यातून सुटलेल्यांची ही प्रजा तिथल्या थंडीतही टिकून आहे. त्यांचा कलकलाट ऐकून मला बरे वाटले. लेकीला नाही वाटत.

बागेच्या मध्यावर खुले नाट्यगृह आहे. उन्हाळाभर तिथे गाणे, नृत्य, नाटक, मुलांचे खेळ चालतात. तिकीट नाही. ज्याला द्यायचे त्याने जाताना देणगी द्यावी. मी गेले त्या संध्याकाळी पाचजणांचे गाणे होते, एकाच्या गळ्यात ॲकॉर्डियन. आमच्या भजनी मंडळात पेटी मी वाजवते, त्यामुळे माझे लक्ष त्याच्या बोटांवर. माणूस तयारीचा होता, पण तिसऱ्या गाण्यात लय जरा पळवली. मध्येच पाऊस आला. कोणी उठले नाही, पिशव्यांतून रेनकोट निघाले. माझ्या शेजारचे आजोबा कुत्र्याला मांडीवर घेऊन ऐकत होते. शब्द मला एकही कळला नाही आणि दीड तास कसा गेला तेही कळले नाही.

आता आपल्याकडे. पुण्यात गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांची वाण आहे का? एकांकिका बसवणारी कॉलेजची मुले तालमीला जागा शोधत सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये उभी असतात. गायनाचे क्लास आहेत, ढोलकी शिकणारी पोरे आहेत, भारूड करणारी मंडळे आहेत. हॉलचे भाडे यातल्या कोणाला परवडते? कट्टा तर बांधून तयार आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पाऊस नसतो. दर शनिवारी संध्याकाळी सहा ते साडेआठ तो उघडा ठेवावा. पंधरा दिवस आधी साध्या कागदावर अर्ज, भाडे शून्य, कर्णा नको. नुसत्या गळ्याचा आवाज शेवटच्या पायरीपर्यंत जातो, हे मी कुलूप पडण्याआधी स्वतः अजमावलेले आहे. उपद्रव होईल, बाटल्या सापडतील, असे कर्मचारी सांगतात. बाटल्या आताही सापडतात, कुलपाच्या आत.

मी उद्यान विभागात चौकशीला गेले तेव्हा किल्ली क्षेत्रीय कार्यालयात असल्याचे सांगण्यात आले. क्षेत्रीय कार्यालयाने ठेकेदाराकडे बोट दाखवले, आणि ठेकेदार बदलला आहे. तूर्त एवढीच विनंती की किल्ली कोणाकडे असते त्याचे पद आणि कार्यालयाचा दूरध्वनी क्रमांक प्रत्येक खुल्या रंगमंचाच्या जाळीवर लिहावा. अर्ज करायला आमचे मंडळ तयार आहे, सतरंज्याही आमच्याच आणू.

आपली,
एक निवृत्त टेलिफोन ऑपरेटर, कोथरूड, पुणे